डाळ शिजणारं पाणी

साडूभाऊंइतका खरं बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि खरं बोलून लोकांना इतका वैताग देणाराही पाहिला नाही. ते आर्वीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. दुसरा कोणी असता तर "पुलगावची गाडी थोड्याच वेळात येत आहे" असं सांगून मोकळा झाला असता. पण 'थोड्याच वेळात' हे शब्द तोंडातून काढणं साडूभाऊंना खोटी साक्ष दिल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात ते सरळ पुकारायचे, "पुलगावची गाडी नाल्याच्या पल्याड उभी आहे. नाला केव्हा उतरंल ते मले माहीत नाई. ज्याले घाई असंल त्यानं घरी जाऊन जेवून यावं." आणि लोक खरंच घरी जाऊन जेवून यायचे. एकदा एका वऱ्हाडाला त्यांनी माइकवरूनच सांगितलं होतं, की ही गाडी तुमचा मुहूर्त गाठत नाही, भटजींना निरोप धाडा. नवरदेवाचा बाप तावातावानं खिडकीवर चालून गेला, तर साडूभाऊंनी मनगट पुढे करून त्याला घड्याळ दाखवलं. गाडी सुटताना ते गाडीकडे बघायचेच नाहीत, घड्याळाकडे बघायचे. गाडीत कोण बसलंय, कोण रडतंय, कोण खिडकीतून हात हलवतंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. हा स्वभाव मी आधीच सांगून ठेवते, कारण याच माणसानं मला आयुष्यात एकदा खोटं सांगितलं, आणि ते खोटं आहे हे कळायला मला पुरी बारा वर्षं लागली.

साडूभाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. ते आमच्या घरमालकांचे साडू. घरमालकांनी स्टँडवरच्या चारचौघांत "हे माझे साडूभाऊ" अशी ओळख करून दिली, ती जी चिकटली ती चिकटलीच. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, चहावाला, सगळ्यांचे ते साडूभाऊ झाले. बायकांना साडू नसतो एवढं व्यवहारज्ञान मला होतं, तरी मीही त्यांना साडूभाऊच म्हणायला लागले. सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन मी आर्वीत आले तेव्हा मला व्यवहारज्ञान तेवढंच होतं. माझं माहेर नाशिककडचं, आमचे हे आर्वीच्या शाळेत शिक्षक. कोणी "काऊन?" असं विचारलं की मला वाटायचं, रागावले. ते बिचारे नुसतं 'का' म्हणत असायचे.

एके दिवशी सकाळी दार वाजलं. उघडून बघते तर खाकी कपड्यातला एक उंच, किडकिडीत माणूस. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात पातेली आणि पातेलीत कागदाची पुडी.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजते का?"

मी नवी नवरी. मला वाटलं, माझ्या स्वयंपाकाची तक्रार थेट बसस्टँडपर्यंत गेली. "शिजते की," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं. "किती वेळात?" त्यांनी विचारलं. आता डाळ शिजते तेव्हा शिजते, तिचा वेळ कोण मोजतं? पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याची साडूभाऊंना सवयच नव्हती. "मंग मी मोजून पाहतो ना जी," असं म्हणून ते आत आले, माझ्याच विहिरीचं पाणी काढलं, पुडीतली तुरीची डाळ पातेलीत टाकली आणि माझ्याच स्टोव्हला मोजून वीस पंप मारून उकिडवे बसले. डोळे मनगटावरच्या घड्याळावर.

आर्वीतल्या बहुतेक विहिरींचं पाणी जड. त्यात डाळ तासभर उकळली तरी दाणा बोटाला टणक लागायचा, साबणाला फेस यायचा नाही. तिकडच्या बायका पाणी तोंडात घेऊन नव्हे, डाळ शिजवून पारखायच्या. साडूभाऊंनी बायकांची ही विद्या उचलली होती. गावातल्या सतरा विहिरींवर ते एकच माप, एकच डाळ आणि वीसच पंप घेऊन फिरले होते. त्यांच्या वहीत मी नंतर वाचलं: 'देवळाची विहीर — शिजत नाही. मारुतीपलीकडची — दीड तास, कचवट. पाटलाची — पाटीलबाई रागावल्या, प्रयोग अपुरा.' माझ्या स्टोव्हवर अडतीस मिनिटं झाली तेव्हा त्यांनी एक दाणा दोन बोटांत धरून दाबला. दाण्याचं पीठ झालं. साडूभाऊंनी डोळे मिटले. "पानी हाय हे!" ते म्हणाले, आणि बादली भरून चालू लागले. पातेलीतली डाळ मागेच राहिली. तिला मी फोडणी दिली आणि त्या दिवशी आम्ही नवराबायकोनं तीच खाल्ली. माझ्या हातचं इतकं मऊसूत वरण ह्यांनी पहिल्यांदाच खाल्लं, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

हे पाणी कशासाठी, ते पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. पुढची खोली त्यांनी माशांना देऊन टाकली होती. लोखंडी चौकटीत, फटींना सुताराची लांबी भरून बसवलेल्या काचेच्या अकरा टाक्या, त्यातल्या चार कायम गळायच्या. त्यांच्याखाली काकूंच्या स्वयंपाकघरातली चार पातेली मांडलेली. प्रत्येक टाकीवर शाळेची एकेक पाटी टांगलेली आणि पाटीवर वेळापत्रक: 'गप्पी — सकाळी ७, दुपारी १२, सायंकाळी ५. रविवारी जादा फेरी.' माशांना खाणं टाकण्याला साडूभाऊ 'फेरी' म्हणत. खाणं म्हणजे तरी काय, त्यांचे प्रयोग चाललेले असायचे. एका टाकीला ज्वारीच्या भाकरीचा चुरा, दुसरीला वरणाचं वरचं पाणी, तिसरीला चक्क पिठलं. निकाल पाटीवर: 'भाकर — पाण्याचं ताक झालं. वरण — नाराज. पिठलं — तोंड फिरवलं.' हे शेवटचं वाचून काकू म्हणाल्या होत्या, "माह्या हातच्या पिठल्याले नाव ठेवनारे हेच पह्यले." काकू म्हणजे साडूभाऊंची बायको, गळ्यात माळ घातलेली, कांदासुद्धा चार महिने वर्ज्य करणारी. अशा बाईच्या घरात माशांच्या पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक लागतो हे साडूभाऊंना कुठूनसं कळलं. अंडं ते स्टँडच्या कँटीनमध्ये उकडून घ्यायचे आणि रुमालात बांधून आणायचे. दुसरा कोणी असता तर औषध आहे म्हणून सांगता. काकूंनी "काय हाय रुमालात?" असं विचारलं की हे दारातच "अंडं" म्हणायचे. मग आंघोळ केल्याशिवाय घरात प्रवेश नाही. थंडीच्या दिवसांत तीन-तीन आंघोळी करताना मी त्यांना पाहिलं आहे. "माशाइच्या पोटात जाते, यायच्या नाई, म्हनून चालवून घेते," काकू मला सांगायच्या.

त्यांच्या मागच्या अंगणातला रांजण हा तर गावभर गाजलेला विषय. त्या काळी मलेरियाची माणसं घरोघरी फिरून साचलेलं पाणी ओतून द्यायची. असा एक जण दारात आला आणि त्यानं शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "घरात कुठं पाणी साचलेलं नाही ना?" अख्खी गल्ली 'नाही' म्हणाली होती. साडूभाऊ म्हणाले, "हाय ना. या, दाखवतो. रांजनभर अळ्या हायेत डासाच्या. पह्यल्या नंबरच्या." तो माणूस रांजण उलटा करायला धावला, तर साडूभाऊंनी त्याचा हात धरून त्याला टाकीसमोर बसवलं, वाटीभर अळ्या आत सोडल्या आणि म्हणाले, "मोजा. एक गप्पी किती खाते ते मोजा, अन् मंग सांगा कोनाले मारायचं." तो सकाळी दहाला बसला तो दुपारी काकूंनी भाकरी वाढली तेव्हा उठला. जाताना स्वतःच्या घरच्या विहिरीत सोडायला डबाभर गप्पी मासे घेऊन गेला.

नवे मासे नागपूरहून यायचे, गाडीनंच. तिथला एक दुकानदार पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे घालून कंडक्टरच्या हवाली करायचा, आणि पिशवीवर साडूभाऊंच्या सांगण्यावरून एक चिठ्ठी असायची: 'जीव आहे. उन्हात ठेवू नका. धक्का देऊ नका.' कंडक्टर मंडळी ती पिशवी मांडीवर घेऊन तिकिटं फाडायची. एकानं मात्र ती ड्रायव्हरशेजारी तापल्या इंजिनावर ठेवली. गाडी आर्वीला पोचेस्तोवर सहाच्या सहा मासे शिजले. साडूभाऊंनी पिशवी पाहिली, खिडकीत जाऊन बसले आणि माइकवरून जड आवाजात म्हणाले, "नागपूरहून आलेल्या गाडीत आज सहा जीव गेले." स्टँडवर एकच आकांत झाला. ज्यांची माणसं त्या गाडीत होती ते धावले, एक हवालदार शिट्टी फुंकत आला, "कुठं हायेत मुडदे?" म्हणून. साडूभाऊंनी त्याला पिशवी दाखवली. त्याबद्दल वरिष्ठांकडून त्यांना समजही मिळाली. "खोटं काय सांगितलं मी?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पण या सगळ्या पसाऱ्यात साडूभाऊंचा जीव अडकला होता तो एका टाकीत. त्यात एंजल माशांची एक जोडी होती. साडूभाऊ त्यांना अंजल म्हणत आणि पाटीवरही तसंच लिहीत. चपटे, उभे, वरखाली लांब दोऱ्या असलेले, पतंगासारखे मासे. एकदा त्यांच्या टाकीवरची पाटी दोरी तुटून पाण्यात पडली आणि कोपऱ्यात तिरपी उभी राहिली. तीन दिवसांनी बघतात तो त्या पाटीवर, 'सकाळी ७' या ओळीच्या खाली, मोहरीहून बारीक अंडी ओळीनं चिकटवलेली. अंजलला अंडी घालायला उभी, गुळगुळीत जागा लागते, हे साडूभाऊंना त्यांच्याच वेळापत्रकानं शिकवलं. पण दोन दिवसांत अंडी पांढरी पडली आणि मेली. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी पडली. पाणी जड असेल, असं नागपूरचा दुकानदार म्हणाला. तेव्हा साडूभाऊ डाळीची पुडी घेऊन घराबाहेर पडले होते. "बाई, मले एक डाव त्याइची पिल्लं पाहायची हायेत," ते मला म्हणाले. "आर्वीच्या पान्यात अंजल होत नाई म्हनते तो दुकानदार. काऊन होनार नाई? मानसं होतात ना."

माझ्या विहिरीचं पाणी रोज दोन बादल्या त्यांच्याकडे जायला लागलं. अंडी पांढरी पडायची थांबली, तर आता मायबापच ती खायला लागले. मग साडूभाऊंनी अंड्यांची पाटी वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवायची ठरवली. हवेसाठी टायरची जुनी ट्यूब फुगवून तिला सलाइनची नळी जोडली, म्हणजे बरणीत थेंबाथेंबानं बुडबुडे यायचे. आणि उबेसाठी एक लाकडी पेटी केली. पेटीच्या तळाशी विजेचे दोन दिवे, वर जाळी, जाळीवर बरणी, बाजूला थर्मामीटर. हवी तेवढी ऊब येईपर्यंत दिवे बदलत त्यांनी दोन महिने घालवले. अशी दोन वर्षं गेली आणि आठ वेळा अंडी गेली. प्रत्येक वेळी ते बादली घ्यायला आले की मी विचारायची, आणि ते खरं तेच सांगायचे, "मेली." तोवर मला दिवस गेले होते. मरणाची ही बातमी गरोदर बाईला अशी तोंडावर सांगू नये, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नवव्या खेपेला, ऐन थंडीत, अंडी फुटली. पाटीवर दोनशेएक शेपट्या वळवळायला लागल्या. साडूभाऊंनी ती बातमी माइकवरून दिली. मोर्शीच्या गाडीची वाट बघत असलेल्या लोकांना कळलं की अंजलला पिल्लं झाली. कोणाची ही अंजल, हे न विचारता काहींनी साखर वाटा म्हणून सांगितलं, आणि साडूभाऊंनी खरंच वाटली. पिल्लं पोहायला लागली तेव्हा दर दोन तासांनी बलकाचं पाणी, थेंब थेंब, असं वेळापत्रक त्यांनी नव्या पाटीवर लिहिलं आणि आठ दिवसांची रजा टाकली.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी, आठव्या महिन्यातच, मी बाळंत झाले. मुलगी. माहेरी आई नव्हती, म्हणून मी आर्वीतच राहिले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "वजन फार कमी आहे," त्या म्हणाल्या. "या थंडीत वर्ध्याला हलवणं मला धोक्याचं वाटतं. हिला दोनच गोष्टी हव्यात, सारखी एकसारखी ऊब आणि तुमचं दूध थेंब थेंब. दोन्हींत खंड पडू देऊ नका." चौथ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. ओढायची ताकद तिच्यात नव्हती. रडायची तीही मांजराच्या पिल्लासारखी. शेजारच्या बायकांनी खोली बंद करून शेगडी पेटवली, धूर कोंडला, ती खोकायला लागली. शेगडी बाहेर काढली तर तिचे पाय गार पडले. आमचे हे वर्गात पन्नास पोरांना धाकात ठेवणारे, पण त्या दिवशी शेगडी फुंकायची का दार उघडायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

साडूभाऊ नेहमीसारखे बादली घेऊन आले होते. काकू सोबत होत्या. साडूभाऊंनी दारातूनच वाकून पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खरं ते बोलणार. मी कान झाकून घेणार होते. साडूभाऊ म्हणाले, "जीव हाय."

एवढंच. बादली तिथेच टाकून ते गेले आणि तासाभरात परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर ती लाकडी पेटी होती. पेटी साफ धुतलेली, जाळीवर काकूंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या. त्यांनी दिवे लावले, थर्मामीटर तपासलं, आणि काकूंनी माझी मुलगी तीत ठेवली. मला भान होतं म्हणून मी विचारलं, "आणि तुमची पिल्लं, साडूभाऊ?" ते थर्मामीटरवरून नजर न काढता म्हणाले, "त्याइच्यासाठी दुसरी पेटी केली. मजेत हायेत." संध्याकाळी डॉक्टरीणबाई बघायला आल्या. पेटीत हात घालून पाहिला, थर्मामीटर वाचलं आणि कोणी केली म्हणून विचारलं. बसस्टँडच्या कंट्रोलरनं, असं सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. "हिला यातून काढू नका," म्हणाल्या.

मग आमच्या दारावर पाटी लागली: 'मास्तरांची लेक — दर दोन तासांनी.' काकूंनी नवा काचेचा ड्रॉपर उकळून आणला. आत काकू आणि मी, बाहेर ओसरीवर रजा वाढवून बसलेले साडूभाऊ. वेळ झाली की बाहेरून आवाज यायचा, "दहाची गाडी फलाटावर लागली आहे होऽ!" मग आम्ही पाच थेंब, सहा थेंब घालायचो. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारायचे, इथं कुठली गाडी? साडूभाऊ त्यांना गप्प राहण्याची खूण करायचे. या माणसाला इतक्या बारक्या तोंडाला भरवण्याची सवय होती हे माझं नशीब. घाई केली की ठसका लागतो, एकदम जास्त दिलं की बाहेर येतं, भूक लागायची वाट बघायची नाही, हे सगळं काकूंना आणि मला त्यांनी बाहेरून, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी तिनं एकही थेंब घेतला नाही. ओठांवरून दूध ओघळत होतं. मी ड्रॉपर खाली ठेवला आणि दाराबाहेर ओरडले, "साडूभाऊ, पुकारू नका आता. मला नाही ऐकवत." बाहेरून तो स्टँडवरचा सपाट आवाज आला, "बाई, गाडी उशिरा हाय. रद्द नाई झाली."

ज्या माणसानं वऱ्हाडाला मुहूर्त हुकल्याचं तोंडावर सांगितलं, आठ वेळा मला "मेली" असं सांगितलं, तो म्हणत होता, रद्द नाही. त्या शब्दाला किंमत होती. मी ड्रॉपर उचलला. अर्ध्या तासानं तिनं दोन थेंब गिळले, आणि साडूभाऊंनी बाहेर जाहीर केलं, "बाराची गाडी साडेबाराले सुटली."

महिन्याभरानं ती पेटीतून बाहेर आली. तीन महिन्यांनी बारसं केलं. नाव मीच ठरवलं होतं, साडूभाऊंच्या यशाची आठवण म्हणून. काकूंनी पाळण्यात वाकून "अंजली" म्हटलं तेव्हा मी कौतुकानं साडूभाऊंकडे पाहिलं. "चांगलं नाव हाय," ते म्हणाले आणि घुगऱ्या न घेताच मागच्या अंगणात विहिरीकडे निघून गेले. मला वाटलं, लाजले. पिल्लं कुठं आहेत म्हणून मी पुढे एकदा विचारलं, तर म्हणाले, "धाडून देल्ली त्याइले." त्यानंतर त्यांनी अंजल कधी केले नाहीत. एकदा झाले ना, मग पुन्हा कायले, असं त्यांचं म्हणणं. माझ्या विहिरीची बादली मात्र रोज जायची, गप्पींसाठी.

अंजली बारा वर्षांची असताना साडूभाऊ निवृत्त झाले आणि मुलाकडे सेलूला राहायला निघाले. सामान बांधायला मी गेले होते. पाट्यांचा गठ्ठा काकू ओल्या फडक्यानं पुसत होत्या. सगळ्यात खालची पाटी माझ्या हाती आली. खडू पुसट झाला होता, पण वाचता येत होतं. 'अंजल, पिल्लं — दर दोन तासांनी.' खाली पाच दिवसांच्या बरोबरच्या खुणा. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली साडूभाऊंचं अक्षर: 'पेटी मास्तरांकडे. सर्व फेऱ्या रद्द.'

मी काकूंकडे पाहिलं. "पेटी एकच होती बाई," त्या म्हणाल्या. "दुसरी कुठून आनतील? तुमच्याकडून येऊन येऊन दोन दिवस बरनीले गोधडीत गुंडाळून बसले, घरातली सारी फडकी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी सारी तळाले होती. तुमाले सांगू नोको म्हने. बाळंतिनीले असं सांगत नसते म्हने." आठ वेळा 'मेली' सांगून झाल्यावर का होईना, कोणाला काय सांगू नये हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं. मी त्यांच्या मेलेल्या पिल्लांचं नाव माझ्या मुलीला ठेवलं होतं, त्यांच्याच देखत, वर हसून. मी पाटी घेऊन बाहेर आले. बाहेर साडूभाऊ टाक्यांना गवत गुंडाळत होते. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," मी म्हटलं. ते जरा दुखावलेच. "खोटं कायले? मजेत हायेत म्हनलं मी. देवाघरी कोनी दुःखी राह्यते का?"

त्यानंतर पाच वर्षांनी अंजली नागपूरला कॉलेजला निघाली. मी तिला सोडायला गाडीत सोबत होते. आमची गाडी वर्ध्यावरून सेलूमार्गे जायची. कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीनं, हे मी पत्रानं कळवलं होतं. वेळ कळवली नव्हती, साडूभाऊंना वेळ कळवायची म्हणजे गंमतच झाली असती. सेलूच्या थांब्यावर ते उभे होते. केस सगळे पांढरे, खाकीच्या जागी धोतर, पण मनगटावर तेच घड्याळ. त्यांनी खिडकीतून अंजलीच्या हातात काकूंनी केलेल्या लाडवांचा डबा दिला, तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत आणि थेट पुढे कंडक्टरकडे गेले. कंडक्टर जुना होता. "काय साडूभाऊ, पार्सल हाय का? द्या इकडं."

"देल्लं," साडूभाऊ म्हणाले. "तिसऱ्या बाकावर बसलं हाय. जीव हाय. उन्हात ठेवू नोको. धक्का देऊ नोको."

कंडक्टरनं वळून पाहिलं. तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची माझी अंजली संकोचानं लाल होऊन डब्याची उघडझाप करत होती. मागचे लोक हसले. कंडक्टर मात्र उठून आला आणि पलीकडच्या बाजूच्या दोन बायकांना म्हणाला, "जरा सरका जी, या पोरीकडं ऊन येऊन राह्यलं." तिला सावलीत बसवल्यावरच त्यानं घंटीची दोरी ओढली.

गाडी सुटली. मी खिडकीतून मागे पाहिलं, हात हलवायचंही मला सुचलं नाही. साडूभाऊ थांब्यावर तसेच उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. सुटणाऱ्या गाडीसमोर त्यांना घड्याळाकडे न बघता उभं राहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.